सावंतांचा धोंडा

"काय करतेस?" या प्रश्नाला मी आयुष्यभर खरं उत्तर दिलं आणि आयुष्यभर लोकांनी ते थट्टेवारी नेलं. "दगड धुते," असं मी सांगायची. माझ्या लग्नाच्या बैठकीतही तेच सांगितलं. मुलाच्या आत्यानं डोळे मोठे करून विचारलं, "म्हणजे बांधकामावर?" आईनं मला चिमटा काढला आणि "एक्स्पोर्ट कंपनीत आहे हो" असं म्हणून वेळ मारून नेली. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. मालाड पूर्वेला, दगडखाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची पत्र्याची शेड होती. खाणीत सापडणारे स्फटिक आम्ही साफ करायचो, बांधायचो आणि ते बोटीनं परदेशी रवाना व्हायचे.

ज्यांना हा धंदाच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपली उपनगरं ज्या काळ्या दगडावर उभी आहेत त्याच्या पोटात पोकळ्या असतात. काही मुठीएवढ्या, काही माणूस वाकून आत जाईल एवढ्या. लाखो वर्षं त्यांत पाणी झिरपतं आणि आतून स्फटिक धरतात. खडीवाल्यांच्या लेखी हा फुसका माल, कारण त्याची खडी चांगली होत नाही. आमच्या लेखी तोच माल. सुरुंग झाला की खाणीतली माणसं पोकळीचा तुकडा बाजूला काढून, गोणपाटात गुंडाळून आमच्याकडे आणायची. आज मालाड-कांदिवलीला जे टॉवर दिसतात, त्यांतल्या कित्येकांच्या खाली माझ्या ओळखीच्या खाणी आहेत.

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी कांदिवलीहून तिथे पॅकिंगला म्हणून लागले. हात हलका आहे असं शेठच्या लक्षात आलं आणि मी धुलाईवर आले. धुणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साबण येतो. आमचं धुणं म्हणजे निम्मा वेळ काहीच न करणं. दगड पाण्यात बुडवायचा आणि माती आपणहून सुटेपर्यंत वाट बघायची. मग जुना टूथब्रश, उदबत्तीची काडी. वर कॅल्साइटचा पांढरा थर चढलेला असेल तर ॲसिड. कॅल्साइट त्यात फसफसून विरघळतो आणि खालचा स्फटिक मोकळा होतो. पण ॲसिडला आपलं-परकं कळत नाही. काही खनिजं त्यात जरा जास्त राहिली की सोड्यात भिजवलेल्या रेशमी साडीसारखी निस्तेज होतात. तेव्हा या कामातली हुशारी धुण्यात नसते, कधी थांबायचं हे कळण्यात असते. मला ते कळायचं. फुशारकी वाटली तर वाटू दे, या वयात तेवढी माफ असावी.

गिऱ्हाइकंही एकेक होती. ओकेनाइट म्हणून एक खनिज असतं, हुबेहूब कापसाचा गोळा. बोट लागलं तरी त्याचे केस मोडतात. अंधेरीच्या एका डॉक्टरांनी ते हौसेनं दिवाणखान्यात नेऊन ठेवलं आणि थोड्या दिवसांनी तक्रार घेऊन आले, "तुमच्या दगडाला टक्कल पडलं." त्यांच्याकडच्या कामवाल्या बाईंनी ते रोज इमानेइतबारे ओल्या फडक्यानं पुसलं होतं. गोरेगावच्या स्टुडिओतली माणसं खलनायकाच्या गुहेत मांडायला स्फटिक भाड्यानं न्यायची. एकदा त्यांनी आमचे हिरवे अपोफिलाइट चमक वाढावी म्हणून नेलपॉलिश फासून परत पाठवले. ते काढताना मी ज्या शिव्या घातल्या त्या दिवाळी अंकात छापण्यासारख्या नाहीत.

आमचे शेठ घाटकोपरला राहायचे. नाव हसमुखशेठ आणि चेहरा कायम कुणाला तरी पोचवून आल्यासारखा. माणूस मात्र दगडांवर जीव टाकणारा. विकायला मालाडचे स्फटिक, पण स्वतःसाठी ते वेगळंच जमवायचे. ऑफिसात त्यांचं एक काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली जानव्यासारखी कायम अंगावर असायची. त्या कपाटात फक्त स्फॅलेराइट. ज्यातून जस्त काढतात ते खनिज. त्याच्या नावाचा अर्थच म्हणे 'फसवणारं'. जुन्या काळी खाणकामगार त्याचा काळा चकचकीतपणा बघून शिसं सापडलं म्हणून खूश व्हायचे आणि शिसं काही निघायचं नाही.

मला पहिल्यांदा ते कपाट दाखवलं तेव्हा मीही फसले. "शेठ, हे काळे कोळसे कशाला जपता?" असं विचारून बसले. शेठनी त्यातला स्पेनचा एक खडा उचलला आणि खिडकीसमोर धरला. काळा खडा आतून मधासारखा पेटला.

"पुढून बघशील तर काय नाय दिसणार, नलिनीबेन," शेठ म्हणाले. "याला उजेड मागून द्यायचा."

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती सोबतीची. स्फॅलेराइट बहुतेक एकटं नसतं. शेजारी शिशाचा चौकोनी गॅलेना असतो, पिवळा पायराइट असतो, खाली पांढरा कॅल्साइट. पारखी माणूस स्फटिकाबरोबर त्याचे सोबतीही बघतो. शेठ म्हणायचे, "सोबत काढून घेतलीस तर काय राहिलं? फोटोतून कापून काढलेला माणूस." त्या कपाटात स्पेन होता, मेक्सिको होता, पण आपल्या देशाचा खाना रिकामा होता. आपल्याकडे जस्ताच्या खाणी आहेत, पण तिथलं सगळं दळून भट्टीत जातं. त्या रिकाम्या खान्यावर शेठ स्वतः रोज फडका मारायचे.

अशा माणसाच्या दारात एके दिवशी बोरिवलीहून सावंतकाका रिक्षातून उतरले. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट असेल. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत बांधलेला दगड त्यांनी पोटाशी धरला होता. काटकुळी अंगकाठी, आणि आवाज असा की पहिल्याच वाक्याला शेडमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. आयुष्यभर खडकाला भोकं पाडण्याच्या यंत्रावर काम केल्यामुळे त्यांचे कान गेले होते, आणि आपल्यासारखंच जगही बहिरं आहे अशी त्यांची समजूत होती.

"बाय, ह्याच्यात लाल खडो असा! सुपारीएवढो! माका तो भायर काढून होयो!"

गोणी सोडली तर आत कॅल्साइटचा पांढराफटक गोळा. लाल सोडाच, काळा ठिपकाही कुठे नाही. मी म्हटलं, "काका, कुठला हा?"

"राजस्थानचो! जस्ताची खाण! वीस वर्सां होतंय थंय!"

शेठ आत चहा पीत होते. तो तसाच टाकून ते बाहेर आले. गोळा त्यांनी फिरवून फिरवून बघितला, ओला केला, उन्हात धरला. काही दिसेना, कारण कधीतरी धक्के बसून त्या कॅल्साइटला आतून बारीक चिरा गेल्या होत्या आणि तो दुधट झाला होता. तरी शेठ म्हणाले, "काका, साफ करून देऊ. काय घेणार नाय. फक्त उघडला की पयला मला दाखवायचा." असं फुकट काम शेठनी आधी कधी केलं नव्हतं. मी त्यांच्या कपाटाकडे बघितलं आणि समजले.

गोळा मी पातळ ॲसिडमध्ये सोडला. छान फसफसायला लागला. मी दुसऱ्या कामाला लागले, आणि दुपारी जेवणाचे डबे उघडले तसा शेडमध्ये असा घाण वास सुटला की सगळ्यांनी डबे पुन्हा बंद केले. "गटर तुंबलं," असं एकमतानं ठरलं. शेठनी फिनेलची बाटली रिकामी करवली. वास वाढला. म्युनिसिपालिटीच्या माणसाला बोलावून आणलं, त्यानं बांबू घालून घालून गटर ढवळलं आणि "गटर एकदम मोकळं आहे, तुमच्याच नाकात काहीतरी अडकलंय," असं सांगून तो निघून गेला. आम्ही पुन्हा फिनेल ओतलं. हसू नका. आमची नाकं मालाडच्या दगडावर तयार झालेली. त्या दगडात गंधक नसल्यातच जमा. आमच्या टबातून फेस यायचा, बुडबुडे यायचे, पण दगडाला वास येतो हे आमच्या धंद्यात कुणाच्या बापानं ऐकलं नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी सावंतकाकी आल्या. उंच, ठसठशीत कुंकू, हातात पिशवी. त्या मुद्दाम बोरिवलीहून आल्या होत्या ते एवढंच सांगायला:

"ह्यो धोंडो परत माझ्या घराक हाडू नको, सांगून ठेवतंय. वीस वर्सां मी हंय एकटी पोरां वाढवलंय. हे थंय. आणि येताना हेंनी हाडल्यानी काय? धोंडो! माझ्या खाटीखाली ठेवल्यानी. केर काढताना रोज माझ्या पायाक लागता."

बोलता बोलता त्या थांबल्या. नाकाला पदर लावला. आणि आम्ही सगळे गटाराभोवती उभे असताना त्या सरळ माझ्या टबाकडे चालत गेल्या.

"कुसकी अंडी," काकी म्हणाल्या. "वास हयसून येता. बघ गो बाय! माझ्या घरात होतो तेव्हा निदान गप तरी होतो!"

मी धावत जाऊन गोळा वर काढला, पाण्याखाली धरला. शेठ आतून पुस्तक घेऊन आले आणि उभ्याउभ्या वाचायला लागले. मग त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे गंधक. या गोळ्यात गंधक असलेलं काहीतरी नक्की आहे, आणि ॲसिड ते खातंय म्हणून वास येतोय. स्फॅलेराइट असेल. किंवा नुसता शिशाचा गॅलेना असेल, त्यालाही असाच वास येतो. नाकाला त्यांतला फरक कळत नाही. गोळ्याच्या एका कडेला काळे बारीक दाणे उघडे पडले होते आणि त्यांची चकाकी गेली होती, चुलीतल्या राखेसारखे दिसत होते. आत काहीतरी आहे हे आम्हाला कळलं ते त्याचा घास घेऊनच. त्या कडेचं मला अजून वाईट वाटतं.

आता ॲसिड बंद. राहिला मार्ग व्हिनेगरचा. व्हिनेगर कॅल्साइट खातं पण फार सावकाश, महिना लागो की दोन, आणि आतल्या स्फटिकाला सहसा धक्का लावत नाही. काकी तणतणत निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सावंतकाका मात्र शेडमध्ये येऊन टबाशेजारी स्टुलावर बसायला लागले. सकाळी येत ते संध्याकाळी जात. कुणाच्या येण्याजाण्याच्या वाटेत पाय, आणि मोठ्या आवाजात प्रत्येकाची चौकशी. माझा जीव मेटाकुटीला आला.

एक दिवस वैतागून मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काका, लाल खडा तुम्ही स्वतः बघितलाय ना नक्की?"

काकांनी आधी आजूबाजूला बघितलं. मग त्या माणसाला हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"नाय," ते म्हणाले. "मी नाय बघितलंय. भेरून बघितल्यान."

भेरू म्हणजे भेरूलाल. खाणीत यंत्रावर दोघं जोडीनं काम करायचे. एक यंत्र धरणारा, एक आधार देणारा. पाळी संपता संपता सुरुंगाच्या ढिगाऱ्यात हा गोळा भेरूला दिसला. तेव्हा तो काचेसारखा स्वच्छ होता. भेरूनं मागून दिवा लावून बघितलं आणि ओरडला, 'सावंत, लाल है! सुपारी जितना!' काका यंत्र आवरत होते. 'उद्या बघू' म्हणाले. भेरूनं गोळा एका कोनाड्यात जपून ठेवला आणि दोघं वर आले. दुसऱ्या दिवशी वरचा खडक भेरूवर आला. काका चार पावलं मागे होते म्हणून राहिले. पुढे कधीतरी तो कोनाडा आठवला, तेव्हा त्यांनी गोळा उचलून आणला. तोपर्यंत कुणी तरी तो पाडला होता की काय देव जाणे, आतलं दिसेनासं झालं होतं.

"लाल असा म्हणान मी सगळ्यांका सांगत इलंय. जसा काय मीच बघितलंय," काका म्हणाले. "पण शब्द त्याचो असा. खोटो पडलो तर त्याचो पडतलो."

"काकींना सांगितलंत हे?"

"नाय. तेव्हा पोरां ल्हान, ती हंय एकटी. भियाली असती. कागदार 'सगळा ठीक' इतक्याच लिहिलंय. आणि मग सांगूचा ऱ्हवलाच."

मी टबातल्या गोळ्याकडे बघितलं. मी धंद्यातली, मला माहीत होतं की आत नुसता गॅलेनाही निघू शकतो. गॅलेना लाल होत नाही. कितीही उजेड दिला तरी नाही. मेलेल्या माणसाचा शब्द माझ्या टबात पडला होता आणि मी दुसऱ्या कुणाचं काम असतं तर बरं झालं असतं असं सरळ मनात म्हटलं.

त्या संध्याकाळी मी बोरिवलीला उतरून काकींना भेटायला गेले. गॅलरीत टब ठेवू द्या म्हणून विनवलं. म्हटलं, "काकी, व्हिनेगरच आहे. लोणचं घातलंय समजा. चार-पाच दिवसांनी जुनं ओतून नवं घालायचं आणि ब्रशनं हलकेच साफ करायचं. काकांना ब्रश देऊ नका, त्यांचा हात जड आहे."

"लोणच्याक निदान चव येता," काकी म्हणाल्या. पण गॅलरीतली तुळस त्यांनी एका बाजूला सरकवली. "वास इलो तर खाली फेकतलंय."

त्यानंतर मी रविवारी जायची. पहिल्या वेळी काकी पाटावर बसून ब्रश मारत होत्या आणि काका लांब खुर्चीवर. पुढच्या खेपेला काकांचीही जागा पाटावर होती, ते गोळा धरत होते आणि काकी साफ करत होत्या. दोन माणसं एका कामाला बसली की तोंडं बंद राहत नाहीत. खाणीत कोंदट हवेत भाकरी कशी खायची, रजा कशा नाकारायचे, सगळं काका सांगत होते. तेही स्वतःच्या आवाजात, त्यामुळे इमारतीला सगळं आपसूक कळत होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "कालचं अर्धंच राहिलं हो. पुढे त्या भेरूचं काय झालं?"

म्हणजे काकींना कळलं होतं. वर गेले तर त्या माझ्याकडे बघेचनात. मग ब्रश खाली ठेवून म्हणाल्या, "तुका म्हायत होता ना गो? दोन महिने वळख नाय तुझी, तुका सांगितल्यानी. आणि मी?" डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. "मी हंय सणावाराक ह्यांच्या नावान बोटां मोडी होतंय. ह्यो माणूस थंय मरणाच्या चार पावलां मागे उभो."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले. काका ऐकू न आल्यासारखे रस्त्याकडे बघत होते, आणि मला वाटतं, त्या दिवशी त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

मग स्फटिक दिसायला लागला. आधी एक कोपरा, मग एक सपाट चकचकीत बाजू, मग दुसरी. खरोखर सुपारीएवढा. आणि काळाकुळकुळीत. मी रविवारी पोचले तेव्हा काका टबाकडे पाठ करून बसले होते.

"काळो," ते म्हणाले. "भेरू खोटो बोललो."

"काका, थांबा," मी म्हटलं. मी गोळा टबातून वर काढला. सपाट बाजू, कडा, सगळं मी निरखत होते, पण हा गॅलेना नाहीच असं छातीठोक सांगायची माझी हिंमत होईना. पहिला मान शेठना द्यायचा कबूल केलं होतं, म्हणून शेजारच्या दुकानातून घाटकोपरला फोन केला. दुपार कलायला लागली तेव्हा शेठ आले. जिने चढून आल्यामुळे धापा टाकत होते. त्यांनी गोळा हातात घेतला आणि म्हणाले, "उजेड मागून पायजे."

पण मागे कॅल्साइटचा दुधट गोळा, उजेड जाणार कुठून? एका बाजूला तेवढी स्फटिकाची पातळ कड मोकळी होती. गॅलरीत पश्चिमेचं ऊन आलं होतं. शेठ गोळा इकडून तिकडून फिरवत होते, काही दिसत नव्हतं. काकी आत गेल्या आणि वेणीफणीचा आरसा घेऊन आल्या. उन्हाचा कवडसा पकडून त्यांनी तो नेमका त्या कडेच्या मागून टाकला.

कड लाल झाली. आमच्या कोकणात कोकमाचं आगळ काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवतात, तसा तो लाल. आत आत गडद होत गेलेला.  शेठ शेजारच्या चपलांच्या मांडणीवरच बसले. काकांनी हात पुढे केला, पण स्फटिकाला लावला नाही, आरसा धरलेल्या काकींच्या मनगटाला धरला.

शेठ तिथूनच म्हणाले, "काका, अजून आठ-पंधरा दिवस ठेवा. पूर्ण उभा राहील. आणि मग काय पायजे ते बोला. मी ना म्हणणार नाय."

"नको," काकी म्हणाल्या. "आता पुरे. खालचा सगळा विरघळला आणि पडलो तर?"

मला विचाराल तर अजून दोन बोटं कॅल्साइट सहज निघाला असता, स्फटिक आणखी देखणा झाला असता. पण मी गप्प बसले. कधी थांबायचं हे त्या दिवशी दुसरं कुणीतरी ठरवत होतं.

"आणि ह्यो आमचो न्हय," काकी पुढे म्हणाल्या. "भेरूच्या बायलेक न्हेऊन देऊक होयो. मी वीस वर्सां वाट बघितलंय तर माझो माणूस इलो. तिचा काय?"

काकांनी मान खाली घातली. शेठ त्या आरशाकडे, दगडाकडे, काकींकडे बघत राहिले. हावरेपणा चेहऱ्यावर आला आणि हळूहळू गेला, तो मी बघितला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी स्पेनचा खडा त्याच्या मखमलीच्या पेटीतून काढला आणि पेटी माझ्यासमोर ठेवली. "यात बांध," एवढंच म्हणाले.

मी आयुष्यात हजारो दगड बांधले, पण असं बांधकाम पुन्हा केलं नाही. स्फटिकाला कापूस कधी लावायचा नाही, त्याचे तंतू कडांना अडकतात. आधी मऊ कागद, मग कागदाच्या वळ्या, मग पेटी, पेटीभोवती भुसा, बाहेर लाकडाचा खोका. काकींना बजावलं, उन्हातून एकदम गार पाण्यात नको, फटकन तडा जातो. काकींनी तो खोका गाडीत सामानाच्या फळीवर ठेवू दिला नाही म्हणे. राजस्थानपर्यंत मांडीवर घेऊन गेल्या. नवऱ्यानं वीस वर्षं जिथे काढली ती जागा त्या पहिल्यांदा बघणार होत्या.

शेठच्या कपाटातला तो खाना शेवटपर्यंत रिकामाच राहिला. खाणी एकेक करून बंद झाल्या, शेड गेली, शेठही गेले. मी धुतलेले स्फटिक जगभरातल्या कपाटांत असतील, कुठल्या ते मला सांगता येणार नाही. एकाचा मात्र पत्ता मला ठाऊक आहे.

तेव्हा राजस्थानहून परत आल्यावर काकी मुद्दाम शेडवर आल्या. काका सोबत होतेच. मी हातातलं काम टाकलं, शेठही बाहेर येऊन उभे राहिले. काकींनी सांगितलं ते असं. भेरूचं घर टेकडीवर, एकटंच. बायको म्हातारी झालेली. तिनं कागद सोडले, दगड दारात नेला आणि उजेडाकडे धरला. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. खाणीतल्या माणसाची बायको ती. काकांनी भेरूचं सांगायला तोंड उघडलं, तर तिनंच आधी बोलायला सुरुवात केली.

"म्हणाली, 'उस रात घर आके बोले थे, लाल पत्थर देखा है. मैंने कहा, रोज कुछ ना कुछ देखके आते हो, झूठे कहीं के.' हसली होती म्हणे ती त्याका. आणि तो सकाळी गेलो तो गेलोच."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. उजेडात कितीतरी वेळ बघीत ऱ्हवली. आणि भित्तीवर त्याचो फोटो असा, त्याच्याकडे वळान म्हणाली, 'लाल ही है जी.'"

काका आमच्याकडे बघत होते, नुसते ओठ हललेले त्यांना दिसत होते.

"काकांना ऐकू आलं तिचं?" मी विचारलं.

"खंय येता," काकी म्हणाल्या. "ती अगदी हळू बोलली. मग मीच हेंच्या कानात वरडान सांगितलंय. लाल असा म्हणता!"